राजमान्य राजेश्री इंटर्नशिपदाते महोदयांस

राजमान्य राजेश्री संस्थापक, संचालक, मुख्य मार्गदर्शक आणि प्रेरक वक्ते (ही चारही पदे आपल्याच सहीखाली छापलेली आहेत) महोदयांचे सेवेशी,



मी वाराणसीत दुर्गाघाटाच्या गल्लीत राहते आणि गणित शिकवते. आपला माझा परिचय नाही, पण माझ्या पुतणीवर आपण जे उपकार केलेत ते मनातल्या मनात ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित आणि संगणकशास्त्र हे तिचे विषय. यंदाच्या उन्हाळ्यात आपण तिला ‘डेटा सायन्स इंटर्न’ करून घेतलेत. त्या उपकारांची ही पोच. आपली थोरवी इतर मुलांच्या आईवडिलांनाही कळावी, म्हणून पत्र पाकिटात न घालता उघडच लिहीत आहे.

पहिले आभार आपल्या पारखी नजरेचे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तिने अर्ज भरला आणि भांडी घासून होईपर्यंत निवडीचे पत्र आले. मुलाखत नाही, चाचणी नाही, ‘बाळ, तुला काय येतं?’ एवढाही प्रश्न नाही. विद्यार्थ्याला कशात गती आहे हे ओळखायला आम्हा शिक्षकांना अख्खे वर्ष लागते. आपल्याला नाव, ईमेल आणि मोबाइल क्रमांक पुरला. धन्य आहात.

पत्र तरी किती देखणे! वर तिरंगी पट्टी, खाली ओळीने शिक्के. त्यात एक ‘उद्यम’ नोंदणीचा. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या, स्वतःच्या घोषणेवर आणि एक पैसाही न भरता होते. आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या ताईंकडेही ती आहे. ताई मात्र तिच्या जोरावर कोणाला पदव्या वाटत नाहीत. दुसरा शिक्का आयएसओचा. ते प्रमाणपत्र कोणत्या संस्थेने दिले, त्याचा क्रमांक काय, यासाठी मी चष्मा पुसून पुसून पाहिले. आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. तो मी मोबाइलने वाचला तेव्हा आपल्याच संकेतस्थळाचे पान उघडले आणि हे पत्र खरे असल्याची ग्वाही त्या पानाने दिली. आपल्या खरेपणाला आपणच साक्षीदार! इतके स्वावलंबन मी आजवर पाहिले नव्हते.

मग आले शुल्क. १,४९९ रुपये, आणि तेही ‘आज रात्री बारापर्यंतच’. पुतणीने ते आईवडिलांकडे मागितले नाहीत. शेजारच्या दोन मुलांना ती आठवीचे गणित शिकवते, त्या पैशातून भरले. गणित शिकवून मिळवलेले पैसे गणिताचे काम मिळावे म्हणून तिने आपल्याला दिले, हे आपल्या कानावर घालावेसे वाटले. आपल्या खात्यावर ती फक्त एक नोंद असेल.

या देशात १९६१ सालापासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. शिकणारा कारखान्यात राबतो, चुका करतो, कच्चा माल वाया घालवतो, तरी विद्यावेतन त्यालाच द्यायचे, असे तो कायदा म्हणतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवारासाठी महिना किमान ९,००० रुपये ठरवले. ‘इंटर्न’ म्हटलेल्या मुलीला तो कायदा लागू पडत नाही, हे आपण बारकाईने वाचलेले दिसते. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा करून टाकण्याइतका कायद्याचा अभ्यास फार थोड्यांचा असतो.

मुले आपल्या दारी का येतात, हेही सांगते, कारण सगळे श्रेय आपण एकट्याने घेणे बरे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांचे काम मुलांनी बाहेर जाऊन करायचे आणि त्याचे श्रेयांक मिळवायचे. कल्पना चांगली आहे. मी तिच्या बाजूची आहे. पुस्तकातले गणित कुठे लागते हे मुलाला विसाव्या वर्षी कळले तर त्याचे आयुष्य बदलते.

पण काम द्यायचे कोणी? वाराणसीत १९१६ पासूनचे हिंदू विश्वविद्यालय आहे. त्याच्याच आवारात, २०१२ साली आयआयटीचा दर्जा मिळालेली संस्था आहे. तिथल्या मुलांकडे कंपन्या आपण होऊन येतात. तिथून थोड्या अंतरावरच्या साध्या महाविद्यालयात, चंदौली-गाझीपूरकडून बसने येणाऱ्या मुलांना मात्र सूचनाफलकावर एक कागद दिसतो: अमुक तारखेच्या आत इंटर्नशिपचे प्रमाणपत्र जमा करावे. कुठे जावे, कोणाला भेटावे, काय विचारावे, यातले काही त्या कागदावर नसते. कार्यालयात जमा करताना तीनच गोष्टी पाहिल्या जातात: तास, सही, शिक्का. मुलगी काय शिकली हा रकानाच तिथे नाही. आपण त्या रिकाम्या जागेत दुकान थाटलेत. जागा आपण निर्माण केली नाही, हे मी मान्य करते. ज्यांनी केली त्यांनाही हे पत्र वाचता येईल.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. वर्षभर मोठ्या कंपनीत काम आणि महिना ५,००० रुपये. परंतु ती २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्यांसाठी होती. आमची मुलगी दुसऱ्या वर्षाला, वय एकोणीस. ती कुठे जाणार? आपल्याकडेच.

आता आपण दिलेल्या कामाविषयी. पाच कामांपैकी कोणतीही तीन करा, असे आपण उदार मनाने कळवलेत. एक गणकयंत्र बनवा. फुलांच्या मोजमापांवरून आयरिसची जात ओळखा. टायटॅनिकवरचा कोणता प्रवासी वाचला ते सांगा. आयरिसची ती १५० फुले रोनाल्ड फिशर यांनी १९३६ सालच्या निबंधात वापरली, तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी त्यांवर हात बसवत आले आहेत. टायटॅनिक १९१२ साली बुडाले. त्याच्या ८९१ प्रवाशांची सरावाची यादी कोणालाही फुकट मिळते, सोडवलेल्या उत्तरांसकट. सरावाला ही उदाहरणे उत्तम. मी स्वतः ती मुलांना देते. मात्र त्यांना मी ‘उद्योगक्षेत्रातील प्रत्यक्ष प्रकल्प’ म्हणत नाही आणि त्यांचे पैसे घेत नाही. कोणत्या उद्योगाला आज टायटॅनिकच्या प्रवाशांची चिंता लागली आहे, तेवढे कळवलेत तर मुलांना तिथेच अर्ज करायला सांगेन.

तरीही पुतणी मनापासून राबली. मे महिना होता. काशीतला मे म्हणजे काय हे आपण कुठे राहता त्यावर आपल्याला कळेल. दुपारी वीज गेली की ती लॅपटॉप घेऊन खालच्या अंधाऱ्या खोलीत बसायची. तीन कामांत तिने टायटॅनिकचेही निवडले. प्रवाशाचे वय, तिकिटाची किंमत, वर्ग, स्त्री की पुरुष, हे सारे देऊन निर्णयवृक्ष बनवला आणि त्याची अचूकता आली ९८ टक्के. तिने ती फाइल आपल्याला पाठवली. आपल्याकडून उत्तर आले: ‘उत्कृष्ट! आपण आमच्या सर्वोत्तम इंटर्नपैकी एक आहात.’

इथे मला आपले विशेष आभार मानायचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ९८ हा आकडा पाहताच, या विषयात चार दिवस काढलेला कोणीही माणूस थबकतो. त्या यादीवर नीट केलेले काम ८० टक्क्यांच्या आसपास येते, कारण कोण वाचले आणि कोण बुडाले यात पुष्कळसा भाग नशिबाचा होता. ९८ आले याचा अर्थ, ज्या नोंदींवर प्रोग्रामला शिकवले त्याच नोंदींवर त्याची परीक्षा घेतली. झाडाला फांद्यांची मर्यादा न घातल्यामुळे त्याने जवळजवळ एकेक प्रवासी पाठ केला होता. ही चूक पहिल्यांदा सगळेच करतात. ती करण्यासाठीच उमेदवारी असते. वरिष्ठाने शेजारी बसून ‘थोड्या नोंदी बाजूला काढून ठेव, त्यांवर तपास’ एवढे एक वाक्य बोलायचे असते. त्या एका वाक्यासाठी मूल बाहेर काम करायला जाते, महोदय. ते वाक्य आपल्याकडे नव्हते, कारण ती फाइल उघडणारा माणूसच आपल्याकडे नव्हता.

फाइल मी उघडली. पुतणीला एवढेच विचारले की शिकवलेस कशावर आणि तपासलेस कशावर. तिने पडद्याकडे पाहिले, दोन्ही ओळींत एकाच यादीचे नाव होते. पाचवा हिस्सा नोंदी वेगळ्या काढून तिने पुन्हा तपासले, तेव्हा आकडा धाडकन खाली आला. मग तिने झाडाची खोली कमी केली, तीन पातळ्यांवर आणली, आणि आकडा थोडा वर आला. फांद्या छाटल्या की उत्तर सुधारते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. रात्री जेवायला बोलावले तरी उठेना. जे आपल्याकडे दोन महिन्यांत झाले नाही ते त्या संध्याकाळी झाले. मात्र आपल्या ‘उत्कृष्ट’ शेऱ्याने तिला आणखी एक धडा दिला होता, तो पुसायला मला जास्त वेळ लागला: आपण काय केले हे कोणी पाहत नाही, म्हणून कसेही केले तरी चालते.

आपण काशीच्या मुलांना हा धडा दिलात, याचे मला अधिक वाईट वाटते. या गावात आम्हा मराठी माणसांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यातली बरीच शिकण्या-शिकवण्यासाठी आलेली. गोदाकाठच्या गोळग्रामच्या घराण्यातले कमलाकर इथे ज्योतिषगणित शिकले ते थोरल्या भावाच्या, दिवाकराच्या हाताखाली, आणि १६५८ साली इथेच त्यांनी ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. त्यांच्याच काळात मुनीश्वर इथे होते, वऱ्हाडातून आलेल्या घराण्यातले. दोघांचे एकमेकांशी पटले नाही. एकमेकांची गणिते त्यांनी खोडून काढली. खोडून काढण्यासाठी आधी ती वाचावी लागतात, एवढेच सुचवते.

बापूदेव शास्त्री यांचे नाव आपण ऐकले नसेल तर सांगते. १८२१ चा जन्म, नागपुरात ‘लीलावती’ आणि बीजगणित शिकत होते. भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांनी १८३८ साली त्या मुलाला पाहिले, त्याची गणितातली गती जाणली आणि त्याला सिहोरला नेले. तिथे एका बाजूला सिद्धान्तग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला युक्लिडची भूमिती, असा त्याचा अभ्यास झाला. १८४१ साली विल्किन्सन वारले. बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. १८६१ साली कलकत्त्याहून एक ग्रंथ निघाला: ‘सूर्यसिद्धान्ता’चे बापूदेवांनी केलेले इंग्रजी भाषांतर आणि त्याला जोडून ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या गोलाध्यायाचे विल्किन्सन यांचे भाषांतर, बापूदेवांनी तपासून सुधारलेले. ज्याने हाताला धरून नेले त्याचे काम, तो गेल्यावर वीस वर्षांनी, त्या मुलाने दुरुस्त करून छापून आणले. प्रमाणपत्र कोणी कोणाला दिले होते की नाही, मला माहीत नाही.

आणखी जवळचे सांगायचे तर विष्णु वासुदेव नारळीकर. १९३२ मध्ये ते केंब्रिजहून येऊन हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या घरी भिंतीवर फळा होता. एम.एस्सी.साठी राहायला आलेले मोरूमामा हुजुरबाजार त्या फळ्यावर शाळकरी भाच्यासाठी एखादे अवघड गणित लिहून ठेवत, आणि भाचा ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते पुसले जात नसे. भाचा म्हणजे जयंत नारळीकर. त्यांनीच ही आठवण सांगितली आहे. मोरूमामा तेव्हा स्वतः विद्यार्थीच होते. ज्याला थोडे अधिक येते त्याने ज्याला कमी येते त्याच्या उत्तरावर नजर ठेवायची, एवढे भांडवल या धंद्याला लागते. आपले सगळे भांडवल शिक्क्यांत अडकले आहे, हे मी समजू शकते.

आपल्या दुसऱ्या एका इंटर्नबद्दलही कृतज्ञता व्यक्त करते. मदनपुऱ्यातल्या एका विणकराचा मुलगा पुतणीच्या वर्गात आहे. त्याच्या घरी जॅकार्डचा माग आहे. साडीवरची बुटी आधी आलेखाच्या कागदावर चौकोनाचौकोनांत काढतात; मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडतात. भोक असेल तिथे मागाचा हूक उचलला जातो, नसेल तिथे नाही. एक भोक चुकले तर साडीभर प्रत्येक बुटीत तीच चूक उमटते. या मुलाने एक प्रोग्राम लिहायला घेतला होता. कागदावरच्या नक्षीचा फोटो घ्यायचा, चौकोन वाचायचे आणि पाडलेले पत्ते त्याच्याशी ताडून पाहायचे. दोन्ही बाजूंनी सारखी असलेली बुटी असेल तर अर्ध्या नक्षीवरून उरलेली अर्धी आपोआप तपासता येते, हेही त्याचे त्याला सुचले होते. त्याला हवा होता प्रतिमा वाचण्याचे तंत्र जाणणारा एक माणूस, आठवड्यातून तासभर.

त्याने हे आपल्या अर्जात लिहिले होते, दोन परिच्छेद भरून. आपण त्याला आयरिसची फुले दिलीत. घरात बापाच्या मागावर फूल चढलेले असताना तो चार आठवडे त्या जुन्याच १५० फुलांच्या पाकळ्यांची मोजमापे चाळत बसला, कारण महाविद्यालयाला शिक्का हवा होता. तो प्रोग्राम अर्धाच पडून आहे.

आणि ‘कॅम्पस अँबॅसडर’ ही पदवी! दहा मित्रांची नोंदणी करून दिली तर शुल्क परत आणि वर शिफारसपत्र. पुतणीने चार मैत्रिणींना सांगितले, त्यांनी पैसे भरले. आता त्या चौघी तिच्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत. शुल्कात हे समाविष्ट होते का, याचा उल्लेख आपल्या माहितीपत्रकात सापडला नाही.

खरी कामे, खऱ्या शाळा नाहीत असे नाही. १९९३ पासून ‘एमटीटीएस’ नावाचे उन्हाळी गणितवर्ग भरतात. तिथे मुलांकडून सिद्धता करून घेतात, राहण्याजेवण्याची सोय करतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधकांकडे पाठवतात आणि विद्यावेतन देतात. त्यातली एक इथून जवळ प्रयागराजला आहे. गुगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे. त्यात मुलाने लिहिलेली एकेक ओळ कोणीतरी स्वतःच्या नावानिशी तपासतो, परत पाठवतो, पुन्हा लिहायला लावतो, आणि पैसे मुलाला मिळतात. या सगळ्यांत जागा मोजक्या, अर्ज महिनोन्‌महिने आधी भरावे लागतात आणि नकार येतो. आपल्याकडे कधीच नकार येत नाही. यावर्षी पुतणी आणि तो मुलगा दोघेही थंडीतच अर्जांना लागणार आहेत, मी त्यांच्या बोकांडी बसणार आहे. आणि नकार आला तर माझ्या खोलीत फळा आहे.

तेव्हा आता दोन विनंत्या, आपल्या मोठ्या मनाला शोभतील अशा. पुतणीच्या फाइलवर ‘उत्कृष्ट’ असा शेरा देणाऱ्या तज्ज्ञ मार्गदर्शकांचे नाव कळवावे. ते कोणी असतील तर मला त्यांना भेटायचे आहे. काशीत आल्यास जेवायला आमच्याकडेच यावे आणि ९८ टक्के कसे आले ते मुलांसमोर फळ्यावर समजावून द्यावे.

आणि ते कोणी नसतील तर पाचही मुलींचे आणि त्या मुलाचे शुल्क महिनाअखेरीपर्यंत परत करावे. न केल्यास ग्राहकांच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची आहे. आपले निवडपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या आणि तो क्यूआर कोड यांच्या प्रती काढून तयार ठेवल्या आहेत. पैसे ज्या खात्यांतून आले त्याच खात्यांत पाठवावेत. मुलांना ते मागायला लाज वाटते. मला वाटत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
दुर्गाघाटावर गणित शिकवणारी एक आत्या